‘तुडतुडे’चे काकाजी

काकाजी आधी हात ठेवायचे, मग बोलायचे.

भांड्यावर, भिंतीवर, टरबुजावर, उभ्या काळी-पिवळी जीपच्या बॉनेटवर, कुठेही. तळहात पूर्ण टेकवायचा, बोटं जरा पसरायची, मान डावीकडे कलती करायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. “याच्या बुडाले चीर आहे.” “हे टरबूज कच्चं आहे, ठेव खाली.” एकदा तर भंडाऱ्याच्या स्टँडबाहेर जीपवाल्याला म्हणाले, “साकोलीपर्यंत नाही जात ही तुमची गाडी.” जीपवाला हसला. आम्ही लाखनीला रस्त्याच्या कडेला दोन तास बसलो, तेव्हा तो हसत नव्हता.

कसं कळलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. “कान काय सांगन? हात सांगते.”

कान सांगणार तरी काय? ते गेलेच होते. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस पितळेची भांडी ठोकत होता. पत्र्याच्या शेडमध्ये सहा जण सहा हातोड्या घेऊन बसले की काय गोंगाट होत असेल त्याचा विचार करा, आणि तो चाळीस वर्षं रोज. ज्या आवाजानं त्यांचं घर चाललं त्यानंच कान नेले. तोंडासमोर उभं राहून ओरडलं तर अर्धं ऐकू जायचं, उरलेलं ते ओठांवरून ओळखायचे. पुढे घरोघरी स्टील आलं, कारागीर एकेक करून पांगले, आणि शेडमध्ये काकाजी एकटे उरले. ती शेड आमच्या घराच्या अगदी मागे. मी त्या ठोक्यांवर लहानाचा मोठा झालो. परीक्षेच्या दिवसांत त्यांना मनोमन शिव्याही घातल्यात.

आता आमची गोष्ट. मी आणि वैष्णवी एका कॉलेजात होतो. ती दिघोरीची, शिकायला भंडाऱ्यात खोली करून राहायची. ती गिटार वाजवायची आणि गायची, मी बेस वाजवायचो, आणि तिसरा एक पोट्टा ड्रमवर होता. आम्ही पॉप पंक वाजवायचो. ते काय असतं हे मला आजवर कोणाला धड समजावता आलेलं नाही. वैष्णवीच्या बाबांना मी सांगितलं होतं, तीन सूर, भल्ली घाई, आणि रडायच्या गोष्टीवर उड्या मारायच्या. ते धानाचे शेतकरी, शांतपणे म्हणाले, “आमच्या धानाले लागतेत ते तुडतुडे बी असेच उड्या मारतेत. त्यायच्यावर फवारा तरी मारता येते.”

झालं, बँडचं नाव ठरलं. तुडतुडे.

गाणी आमचीच होती, आमच्याच बोलीत. नोकरीचे अर्ज भरभरून थकलेल्या पोट्टीवर वैष्णवीनं एक गाणं केलं होतं, “फॉर्म भरला, फोटो लावला, मी कुठं आहो त्यात?” ही ओळ ती अशी किंचाळायची की आमच्या गच्चीवरून कबुतरं उडायची. गच्चीवरून आम्हाला आईनं हाकललं. कॉलेजनं हाकललं. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीतून वऱ्हाडानं हाकललं. शेवटी काकाजींच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी काही न विचारता एक कोपरा झाडून दिला. अख्ख्या भंडाऱ्यात आमच्याबद्दल तक्रार न करणारा एकच माणूस सापडला, आणि तो बहिरा होता. हे वाक्य मी पुढे शंभर ठिकाणी विनोद म्हणून सांगितलं. आता सांगवत नाही.

मग आमचा ड्रमर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला नागपूरला गेला, तो गेलाच. ड्रम मात्र आमच्याकडे टाकून गेला. आम्ही मोबाइलवर ठेका लावून कसंबसं भागवत होतो.

माझ्या बेससाठी एक भला मोठा लाकडी स्पीकरचा डबा होता, बंद पडलेल्या एका साउंड सर्व्हिसकडून आणलेला. समोर पिवळ्या रंगात ‘शुभविवाह’ आणि दोन्ही बाजूंना मोर. एका दुपारी आम्ही वाजवत असताना काकाजी उठून आले आणि त्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले. डोळे मिटलेले. गाणं संपलं तरी हात काढला नाही.

“याले थांबवाचं नाही बे,” ते म्हणाले. “वाजव.”

मी पुन्हा सुरू केलं. त्यांनी पाय लांब करून कोपऱ्यातला एक पालथा गुंड, पाण्याचं पितळी भांडं, ओढला, लाकडी मोगरी घेतली, आणि ठोकायला लागले. पहिल्या चार ठोक्यांत मला कळलं, हा माणूस चाळीस वर्षं आमच्याच गाण्यांचा सराव करत होता. तोच वेग, तीच न थकणारी घाई. फक्त त्याला कोणी ते सांगितलं नव्हतं. वैष्णवी गाणं विसरून नुसती बघत राहिली.

“गानं म्हन ना वं,” काकाजी तिच्यावर खेकसले. “मी का एकटाच मरू?”

असे आमचे ड्रमर झाले. वय साठीच्या जवळ, अंगात बनियन, अनवाणी. बसायचे त्या ‘शुभविवाह’वरच. बेस खालून त्यांच्या अंगात शिरायचा, आणि त्यावर ते वाजवायचे. “तुहं वाजवनं मले कंबरेतून ऐकू येते,” असं ते मला म्हणायचे, आणि वैष्णवी हसून लोळायची. पण यात एक गोष्ट पक्की होती. मी चुकलो तर ते चुकायचे. माझ्याशिवाय त्यांना दुसरी वाट नव्हती. ही गोष्ट मला ठाऊक होती, हे लक्षात ठेवा.

झांज नव्हती, तर त्यांनी तीही केली. आधी पितळेची. ती वाजवली की स्वयंपाकघरात काहीतरी पडल्यासारखं वाटायचं. “पितळेचं काम नाही हे, कासं पाह्यजे,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरातून काशाची थाळी घेऊन आले. काकीजींच्या लग्नातली. भट्टीत लाल करून ठोकायची, थंड झाली की पुन्हा भट्टीत, नाहीतर कासं तडकतं. थाळीच्या काठावर टिंबाटिंबांनी काकीजींच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. ठोके पडतील तसं ते पसरत गेलं आणि पुसलं. तेवढ्यात काकीजी दारात.

“मेल्या, माह्या बापाचं नाव ठोकून राहिला तू!”

काकाजींना ऐकू गेलं नाही, असं त्यांनी दाखवलं. झांज टांगली, एक टोला दिला, आणि तो आवाज शेडमध्ये कितीतरी वेळ फिरत राहिला. काकीजी दारातून आत आल्या. मग म्हणाल्या, “अजून एकदा वाजवा.”

त्या दिवशी काकाजींनी मला एक गोष्ट सांगितली. पुढचं सगळं त्या गोष्टीवरच आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरतात ना? देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, ‘मामाकडून भाचीस’ वगैरे.

“ठोकनाऱ्याचं नाव कोनी कोरते का बे?” ते म्हणाले. “इतले भांडे ठोकले मी. कोनत्या घरात कोनतं आहे, मलेच मालूम नाही. तुमचं ते रेकॉर्ड का काय म्हनतेत, त्याच्यावर नाव येते का वाजवनाऱ्याचं?”

“येतं की, काकाजी.”

“अन् मी गेल्यावर बी राहते?”

“राहतं.”

“मंग एक करू,” ते म्हणाले. “एक झालं तरी पुरे.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, पाळणे, दिवसा दंडारीचं लोकनाट्य, सगळे पाहुणे गावात. दिघोरीच्या मंडईत वैष्णवीच्या बाबांनी, स्वतःचं डोकं बडवत का होईना, दंडारवाल्यांकडून आम्हाला अर्धा तास मागून घेतला. भर दुपार, लाकडी फळ्यांचा मंच, समोर बम गर्दी. आम्ही सुरू केलं. लोक नुसते बघत होते. समोरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “पोट्टी बोंबलते कायले ते नाही समजून राहिलं. पन बुढा जबर वाजवते.”

दुसऱ्या गाण्याच्या मधोमध लाइन गेली. गिटार गेली, माइक गेला, माझा बेस गेला. काकाजींच्या अंगाखालचा डबा मेला. त्यांनी हात थांबवले नाहीत, पण माझ्याकडे पाहिलं. अंधारात हात सोडल्यावर लेकरू बघतं तसं.

मी काय केलं? मंचावर पाय आपटला. चप्पल काढून, पूर्ण ताकदीनं, त्यांच्या अगदी जवळ. फळ्या हादरल्या. त्यांच्या अनवाणी पायांना ते लागलं, आणि ठेका परत सापडला. मग वैष्णवी आपटायला लागली. मग पुढे बसलेली पोरं मंचाला हात लावून ठोकू लागली, मागची टाळ्या वाजवू लागली, आणि वैष्णवी विनामाइक गात सुटली. लाइन येईपर्यंत उरलेलं गाणं आम्ही पायांवर वाजवलं. कोणीतरी मोबाइलवर ते काढलं. आम्ही जिवंत असल्यासारखे वाजलो तो एवढाच दिवस. मी जास्त फुगवून सांगत नाही.

तो व्हिडिओ बराच फिरला. नागपूरच्या एका स्टुडिओवाल्यानं पाहिला आणि सहा गाणी ध्वनिमुद्रित करायला बोलावलं. काकाजींनी आदल्या दिवशी दाढी केली, पांढरा शर्ट कपाटातून काढला, आणि ‘शुभविवाह’चा डबा पोत्यात गुंडाळून, दोरीनं बांधून दारात आणून ठेवला.

“हा घेतला ना?” त्यांनी सकाळी विचारलं.

मी म्हणालो, “तिकडे मोठे मोठे स्पीकर आहेत, काकाजी. याची गरज नाही.”

गाडीत जागा होती. खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. नागपूरच्या काचेच्या स्टुडिओत मोर काढलेला लग्नाचा डबा घेऊन उतरायची लाज. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, “तू म्हनतं तर नसन गरज.”

तिथं प्रत्येकाचं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करतात. काकाजींना काचेच्या खोलीत एकटं बसवलं, खाली मऊ गालिचा, कानांवर हेडफोन. त्या हेडफोनमध्ये मशीन टिकटिक करतं, त्यावर वाजवायचं. त्यांना टिकटिक ऐकू येत नव्हती. ते काचेतून माझ्या पायाकडे बघत राहिले. मी काचेच्या या बाजूला पाय आपटत होतो, पण गालिच्यावर तो कुठं पोचणार? सुरुवात बरोबर व्हायची, थोड्या वेळानं ठेका सरकायचा. पुन्हा. पुन्हा. दोन दिवस. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

“जमलं ना बे?”

स्टुडिओवाला वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “काकांचं राहू द्या, ड्रम मी मशीनवर करून देतो. कोणाला कळणार नाही.” वैष्णवी माझ्याकडे बघत होती. ती नाही म्हणाली असती. मी तिला तेवढा वेळच दिला नाही. आधी मान मीच हलवली.

मग काकाजींच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील असा उभा राहून, मी म्हणालो, “मस्त जमलं, काकाजी.”

ते लहान मुलासारखे हसले हो. येताना वाटेत गाडी थांबवून पेढे घेतले. अल्बमच्या मुखपृष्ठावर आम्ही त्यांच्या हातांचा फोटो टाकला, झांजेवर टेकलेले ते रुंद पंजे. खाली ‘ड्रम्स’ आणि त्यांचं पूर्ण नाव. जे त्यांनी वाजवलंच नव्हतं त्याच्यावर त्यांचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. म्हणून इथं ते लिहिलेलं नाही. पुन्हा एकदा लिहायची माझी हिंमत नाही.

गाणी बाहेर आली त्या दिवशी शेडमध्ये गल्ली जमली. दुपारचे चार वाजले असतील. काकाजींनी स्वतः पेढे वाटले. मी मोबाइल ‘शुभविवाह’ला जोडला आणि पहिलं गाणं लावलं. लोक माना डोलवत होते. काकाजी पुढे आले, आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला.

माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही? सांगतो. मला वाटलं, बहिरा माणूस आहे.

डोळे मिटलेले, मान डावीकडे. मग भुवया जवळ आल्या. त्यांनी उजवा हात काढून डावा ठेवला, जसा काही उजवा खोटं बोलत असावा. गाणं संपेपर्यंत ठेवला. मग डोळे उघडले आणि सगळ्यांकडे बघून हसले, शेजाऱ्यांचे नमस्कार घेतले, मुखपृष्ठावरचा फोटो दाखवला, “हे माहे हात.” कोणाला काही कळलं नाही.

सगळे गेल्यावर माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “कोन वाजवते बे तो? एक ठोका चुकत नाही. मानूस नसन.”

मी म्हणालो, “तुम्हीच आहात, काकाजी.”

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग तळहात पायजम्याला पुसला आणि म्हणाले, “बरं.”

ते रागावले असते, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते. त्यांनी काहीच केलं नाही. पुढच्या दोन कार्यक्रमांना आले, वाजवलं. तिसऱ्याला खांदा दुखतो म्हणाले. शेडमध्ये बसलेले दिसायचे, पण मी गेलो की हात भांड्यावरून काढून मांडीवर ठेवायचे. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा कशावरही हात ठेवलेला मला आठवत नाही.

त्यांच्याविना तुडतुडे किती उडणार? वैष्णवी नोकरीला पुण्याला गेली. मला साकोलीच्या एका कार्यालयात लिपिकाची जागा लागली. खरं सांगावं हे दर रविवारी ठरवून मी भंडाऱ्याच्या गाडीत बसायचो, आणि दर रविवारी त्यांच्याशी धानाच्या भावावर बोलून परत यायचो.

एका बुधवारी आईचा फोन आला. काकाजी गेले. सकाळी शेडमध्ये बसल्या बसल्या.

तेरवीला गेलो. जेवण झाल्यावर त्यांचा पुतण्या सगळ्यांना आठवण म्हणून एकेक स्टीलचा डबा देत होता. झाकणावर मशीननं कोरलेलं, ‘यांच्या स्मरणार्थ’, वर त्यांचं नाव. जन्मभर भांडी ठोकली आणि भांड्यावर नाव आलं ते असं. तेही स्टीलच्या. मला तो डबा हातात धरवेना.

तेवढ्यात काकीजींनी मला शेडमध्ये बोलावलं. ‘शुभविवाह’चा डबा तिथंच होता, वर पोतं घातलेलं.

“गानं लाव बाबू, त्यायचं,” त्या म्हणाल्या.

मी मोबाइल जोडला. बोट सवयीनं त्या सहा गाण्यांवर गेलं, लागलंसुद्धा. काकीजींनी हात वर केला.

“हे नाही. हे त्यायचं नाही.”

मी गाणं बंद केलं. विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यायनंच. त्याच दिवशी. म्हने पोट्ट्यायले बोलू नको, त्यायले वाईट वाटन.” त्या डब्यावरचं पोतं सारखं करत होत्या. “तू दर ऐतवारी यायचा ना, तर म्हनत, आज सांगन तो. तू गेला की म्हनत, पुढच्या ऐतवारी सांगन.”

मी रडलो. त्या थांबवायला आल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मग मी दिघोरीचा व्हिडिओ लावला. लाइन गेली तिथून. माझा बेस नाही, वैष्णवीचा आवाज लांबून, आणि मधोमध त्यांचे हात, काकीजींच्या थाळीची ती झांज, आणि आमचे पाय. काकीजींनी पोतं बाजूला केलं आणि डब्यावर तळहात टेकवला. बोटं जरा पसरली. त्यांनाही ते येत होतं, हे मला माहीत नव्हतं.

“हां,” त्या म्हणाल्या. “हे आहेत.”

पुढे व्हिडिओत लाइन येते, लोक ओरडतात, आणि माझा बेस धडाडून सुरू होतो. काकीजींनी हात उचलला.

“आता तुहं आलं,” त्या म्हणाल्या. “मांगं घे.”

मी व्हिडिओ मागे घेतला, लाइन गेली तिथवर.